रंग द्यायचा की फ्रेमच बदलायची? मालवणहून आलेल्या एका हिरव्या सायकलीचं प्रकरण

गेल्या मार्चमध्ये एक ताई त्यांच्या वडिलांची सायकल टेम्पोतून माझ्या गाळ्यावर घेऊन आल्या. दोन मिनिटं इकडून तिकडून पाहून मी म्हणालो, "फ्रेम ठणठणीत आहे. घासून रंग देऊ." आठवड्याभराने त्यांना फोन करून सांगितलं, "फ्रेम गेली, बदलावी लागेल." शेवटी आम्ही जे केलं ते या दोन्हींपेक्षा वेगळं होतं. पहिलं निदान साफ चुकीचं होतं आणि दुसरं घाईचं. दोन्ही कशी चुकली हे लिहून ठेवण्यासाठी हा खटाटोप.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मित्राच्या गाळ्याच्या कोपऱ्यात जुन्या सायकली दुरुस्त करतो. याला धंदा म्हणावं तर पैसे सुटत नाहीत, छंद म्हणावं तर घरी कोणी मान्य करत नाही.

सायकल म्हणजे आपली नेहमीची काळी सायकल: २२ इंची फ्रेम, २८ बाय दीडची चाकं, सळईचे ब्रेक, मागे जाड कॅरियर. फक्त ती काळी नव्हती. नखशिखान्त हिरवी होती. खिडक्यांच्या गजांना मारतात तो हिरवा ऑइल पेंट फ्रेमला, मडगार्डांना, चेनकव्हरला, अगदी घंटीच्या पट्टीलाही ब्रशने मारलेला. दोन-तीन ठिकाणी ब्रशचे केस रंगात तसेच अडकलेले. ताईंचे वडील मालवणकडच्या गावांत पोस्टमन होते. नोकरीची सगळी वर्षं ते याच सायकलीवर फिरले. ते गेल्यानंतर सायकल घराच्या पडवीत पंधरा-सोळा वर्षं उभी होती. मध्ये केव्हातरी शेजारच्या कुणाला तरी सीट हवी होती म्हणून ती दांड्यासकट काढून दिली गेली. ताईंनी हे बोलता बोलता सांगितलं आणि मी ते वहीत टिपलं नाही. अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती.

घरातल्या तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. ताईंना सायकल बाबांची म्हणून ओळखू यायला हवी होती. त्यांचा मुलगा अकरावीत, त्याला ती कॉलेजला न्यायची होती. पुण्यातल्या धाकट्या भावाला ती कारखान्यातून निघाली तशी हवी होती: काळी कुळकुळीत, सोनेरी रेघा, चकचकीत. त्यांचं म्हणणं, "ती रॅले आहे सर, इंग्लंडची. अँटिक आहे." त्यांनी मला फोटोही पाठवला होता, तशीच सजवलेल्या कुठल्यातरी सायकलीचा.

रॅलेचा प्रश्न आधी मिटवला, कारण वस्तू दुर्मीळ असेल तर सगळं गणित बदलतं. हेडवरचा, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीवरचा, बिल्ला कधीच गेला होता, रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरली होती. पायडलचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो ते कप खोलले आणि आटे मोजायची पट्टी लावली. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यात बनलेल्या अशा सायकलींना तिथे इंचाला २६ आटे असत, ती त्या कारखान्याची स्वतःची खोड. इंग्रजी पद्धतीच्या बाकी बहुतेक सायकलींना २४. आमच्या सायकलीला २४ निघाले. म्हणजे इंग्लंडची रॅले नव्हे. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले होती, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ पासून टीआय, सोनीपतला १९५१ पासून अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ पासून हिरो. पोस्टमनच्या पगारातून घेतलेली सायकल बहुधा अशाच एखाद्या देशी कारखान्याची असणार. भाऊ दोन दिवस थोडे नाराज होते. मला मात्र बरं वाटलं. अँटिकच्या नावाखाली माणसं दुरुस्तीत वाटेल तेवढा पैसा ओततात.

मग रंगाचे थर पाहिले. सीटच्या खालच्या नळीवर रुपयाएवढ्या जागी ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला. कोरडा घासू नये. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, आणि ती धूळ नाकातोंडात जाते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. घासताना झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसायला लागली. हिरवा, जरा फिकट हिरवा, पुन्हा गडद. नऊ हिरवे मोजले, कदाचित दहा. त्याखाली लाल प्रायमर, त्याखाली काळा, आणि काळ्यावर दोऱ्याएवढी बारीक सोनेरी रेघ. फोटो पाठवल्याबरोबर भावाचं उत्तर आलं: "बघा! मूळ काळीच आहे."

ताईंनी तोच फोटो पाहिला आणि हसल्या. दर मे महिन्याच्या शेवटी, मृगाआधी, बाबा खिडक्यांचे गज, फाटक आणि सायकल एकाच डब्यातल्या रंगाने रंगवायचे. आई म्हणायची, सायकलीला तरी दुसरा रंग आणा. त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "पावसाआधी रंग मारूक व्हयो. खयचो मारलो तां कोण बघता?"

माझ्या पहिल्या चुकीचं मूळही या हिरव्या रंगात होतं. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, हवेतला दमटपणा धरून ठेवतं आणि पाऊस नसतानाही गंज चालू राहतो. त्या हवेत इतकी वर्षं वापरलेल्या सायकलीची बाहेरची बाजू इतकी शाबूत राहिली ती दरवर्षीच्या त्या थरामुळेच. गंज बाहेरून लागला की रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, आपल्याला सूचना मिळते. इथे एकही फोड नव्हता. म्हणून मी "ठणठणीत" म्हणून मोकळा झालो.

आठवड्याने सायकल पूर्ण खोलली तेव्हा खरं कळलं. सुटी फ्रेम हातात धरून प्रत्येक नळीवर छोट्या पान्याने टकटक केलं. वरची नळी छान वाजली, खालची तिरकी नळीही. पायडलच्या नळकांड्याजवळ, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपाशी, आवाज बसका झाला, ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. फ्रेम उलटी करून हलवली तर गंजाच्या खपल्या खळाखळा पडायला लागल्या. गाळ्यातल्या चहाच्या वाटीत गोळा केल्या, वाटी भरली. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सीटच्या नळीतून खाली सोडला तर तळाशी वारुळासारखं काहीतरी दिसलं. मग टोचा घेतला. बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्या असतात, चेनस्टे. उजव्या नळीत, चार बोटं मागे, टोचा जोर न लावता आरपार गेला. हिरवा रंग तेवढा त्याच्याभोवती घट्ट उभा होता. डावीत आरपार गेला नाही, पण पत्रा दबला.

तेव्हा ते सीटचं वाक्य आठवलं. सीट काढल्यावर नळीचं तोंड आकाशाकडे उघडं. पडवीवरची कौलं सरकलेली. पावसाचा थेंब थेट नळीत, तिथून बॉटम ब्रॅकेटमध्ये. ते बिचारं दोन्ही बाजूंनी कपांनी बंद, खाली भोक नाही, म्हणजे पाण्याचं भांडंच. चेनस्टे त्यातच उघडतात. पंधरा-सोळा पावसाळे. वापरात असलेल्या सायकलीतही पाणी याच वाटेने जातं, फक्त कमी.

याच जागी थांबून सांगतो की "रंग देऊ" या पहिल्या निदानावर मी फ्रेम पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून बसवतात तिकडे, पाठवली असती तर काय झालं असतं. कोटिंगआधी वाळूचा फवारा मारून जुना रंग काढतात. नशीब बरं असतं तर फवाऱ्याने तिथे भोक पडलं असतं आणि कोटिंगवाल्याचा फोन आला असता. वाईट असतं तर पत्र्याचा शेवटचा पापुद्रा टिकून राहिला असता, त्यावर सुंदर काळं कोटिंग बसलं असतं, आणि ताईंचा मुलगा त्यावर दप्तर लावून रंकाळ्याच्या चढाला उभा राहून पायडल मारत असता.

मी घाबरलो, आणि घाबरून दुसरं निदान केलं.

फ्रेम बदलणं या जातीच्या सायकलीत फारसं अवघड नाही. मापं इतकी जुनी आणि ठरलेली आहेत की लुधियानाची नवी फ्रेम आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, आणला तर जुनी चाकं, हँडल, क्रँक, मडगार्ड बहुतेक बसतात. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने फ्रेम-चिमट्याचे दोन हजारांच्या आसपास सांगितले. पूर्ण नवी सायकल साडेसात हजारांना. ही बनावट आता कमी होत चालली आहे. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला बंद झाला. तरी बाजारात अजून माल मिळतो.

पण फ्रेम बदलली तर बाबांचं काय उरतं, याची यादी ताईंसमोर केली. रिम गंजून कडा धारदार झालेल्या, त्या जाणार. तारा जाणार. चेन, फ्रीव्हील, टायर जाणार. सीट नव्हतीच. उरले हँडल, कॅरियर, क्रँक, मडगार्ड आणि घंटी. ताई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग त्यापेक्षा ह्याला नवीच घेऊन देते. ही राहू दे तशी, आठवण म्हणून."

हे बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. दहातल्या आठ प्रकरणांत मी स्वतः हेच सुचवतो. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पण ठेवणार कुठं? आपल्या तिसऱ्या मजल्यावर?" जागा नव्हती. जिन्याखाली सोसायटी ठेवू देत नव्हती. पुण्याच्या भावाकडेही फ्लॅटच. म्हणजे आठवण पुन्हा मालवणच्या पडवीत जाणार होती, त्याच सरकलेल्या कौलांखाली. मुलाला यातलं कितपत कळत होतं कोण जाणे, तो फक्त जागेचा हिशेब करत होता. मला मात्र घाई लक्षात आली. मी 'फ्रेम' हा शब्द एकाच वस्तूसारखा वापरत होतो. फ्रेम म्हणजे आठ-दहा नळ्या, आणि त्यातली कोणती गेली हे मी अजून नीट पाहिलेलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस तेच केलं. आधी चिमटा, कारण सगळ्यात जास्त भीती त्याची. चेनस्टे तुटायला लागला तर सायकल आधी कुरकुरते, मागचं चाक एका बाजूला घासायला लागतं, माणूस उतरून बघतो. चिमट्याची उभी नळी, जी हेडच्या आत असते, ती तुटते तेव्हा काही सांगत नाही. हँडल हातात येतं आणि माणूस तोंडावर पडतो. चिमटा साफ करून मुळाशी, खालची बेअरिंगची कडी बसते तिथे, आयटीआयमधली जुनी युक्ती केली. रॉकेल लावून पाच मिनिटं ठेवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड लावायची. तडा असेल तर त्यात मुरलेलं तेल हळूहळू खडूत उतरतं आणि रेघ उमटते. रॉकेल आता कुठे मिळतं? डिझेल वापरलं. दहा मिनिटांनी केसासारखी काळी रेघ उमटली, नळीच्या घेराच्या जवळजवळ पाव भागावर. मुलाला बोलावून दाखवली. मग चिमटा हॅक्सॉने आडवा कापला. मोडीत अखंड चिमटा गेला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलीला लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

फ्रेमची बातमी त्यापेक्षा बरी होती. आघाताची खूण असते ती खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला, हेडच्या जरा मागे. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती असेल तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली असते. इथे काही नव्हतं. दोरा लावला. मागच्या एका आकड्यापासून, म्हणजे चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेपासून, दोरा पुढे हेडला वळसा घालून दुसऱ्या आकड्यापर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. फरक एक मिलिमीटर. इतकी वर्षं टपाल वाहिलेल्या सायकलीला हे म्हणजे फारच सरळ. बॉटम ब्रॅकेटचं नळकांडं मुळात जाड असतं. त्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, त्यातून जाडी मोजली, अडीचच्या वर भरली. ते भोक बुजवायचं नव्हतंच. पाणी निघून जायला ते कारखान्यातच असायला हवं होतं. सीटच्या नळीचा खालचा दोन इंचांचा भाग आतून खडबडीत, पण टोच्याला दाद देईना. सीटकडून मागे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या चांगल्या. लगमधले, म्हणजे नळ्या ज्या लोखंडी बाह्यांत घुसवून जोडतात त्यांतले, सांधे चांगले.

म्हणजे चिमटा गेलेला, दोन्ही चेनस्टे गेलेले. बाकी सगळी फ्रेम जिवंत.

माझा स्वतःचा दंडक असा आहे: पुढच्या त्रिकोणातल्या तीन मोठ्या नळ्यांपैकी एकही आरपार सडली असेल, किंवा पुढून ठोकर लागून नळी फुगली असेल, तर ज्या फ्रेमवर माणूस बसणार आहे ती मी दुरुस्त करत नाही, कोणाचीही असो. चेनस्टेची जोडी बदलता येते. अट एकच, पितळेने सांधणारा माणूस हवा. आता तसे थोडे उरलेत. उद्यमनगरात वेल्डिंगवाल्यांची कमी नाही, पण तरुण पोरं आर्क किंवा सीओटू मारतात. या जुन्या फ्रेमा लगमध्ये पितळ वितळवून जोडलेल्या असतात. त्या पितळेच्या अंगावर वेल्डिंग मारलं की पितळ वेल्डमध्ये शिरतं आणि सांधा थंड होतानाच किंवा पुढे भाराखाली तडकतो. वरून घासून रंग दिला की दिसायला झकास. कुणी "दहा मिनिटांत टाका मारून देतो" म्हणाला तर फ्रेम उचलून घरी जावं.

आमचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. ऑइल इंजिनांच्या टाक्या सांधण्यात आयुष्य गेलं. फ्रेम हातात घेऊन, टोच्याच्या भोकातून बघून ते म्हणाले, "सर, हे करायला जमतंय. पर पोराला नवी घेतली असती तर सोस्त पडलं असतं की." मी म्हटलं, ते त्यांना माहीत आहे. "मग करूया," म्हणाले.

इथे पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. ताईंना मी कागदावर लिहून दिलं होतं की दुरुस्तीचा खर्च नव्या सायकलीच्या खाली येणार नाही, कदाचित वर जाईल, आणि विकायला गेल्यास दुरुस्त सायकलीला कोणी दोन हजारही देणार नाही. शिवाय मध्येच सीटच्या नळीचा तळ फाटला तर काम तिथेच थांबेल आणि तोवरचे पैसे गेले. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "करा." भावाने निम्मा खर्च उचलला, काळ्या रंगाच्या आशेने.

चेनस्टे भंगारातून आणले. एका जुन्या फ्रेमचा पुढचा भाग ट्रकखाली चेपलेला होता, मागचा कोरडा खणखणीत. किलोच्या भावाने मिळाली. त्या नळ्या आमच्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाल्या, त्या पुढच्या टोकाला कापून घेतल्या.

खरं संकट उष्णतेचं असतं. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. जुने चेनस्टे सुटायला बॉटम ब्रॅकेट तेवढं तापवलं की त्याच नळकांड्यात बसलेल्या सीटच्या आणि तिरक्या नळीचं पितळही सैल पडतं, आणि आख्खी फ्रेम लोण्यात खुपसलेल्या काड्यांसारखी हलायला लागते. म्हणून आधी अँगलच्या तुकड्यांचा साचा केला. हेड, सीटचा लग आणि मागचे आकडे तीन ठिकाणी पकडून धरणारा. हा साचा करण्यातच दीड दिवस गेला. मागच्या आकड्यांमधलं अंतर जुन्या हबवरून घेऊन तिथे बोल्ट आवळला. जोडाच्या आजूबाजूचा वीतभर रंग रिमूव्हर लावून आधीच खरवडून टाकला, नाहीतर ज्योतीत शिशाचा धूर झाला असता. नव्या नळ्यांना आतल्या बाजूला बारीक भोकं ठेवली. बंद नळीतली हवा तापली की ती वितळलेल्या पितळेला बाहेर फुंकते आणि सांध्यात पोकळी राहते.

मिस्त्रींनी टाकणखार लावला, ज्योत मऊ ठेवली आणि एका बाजूची जुनी नळी पकडीने हलक्या हाताने ओढून काढली. उजवी सहज आली. डावी येताना मोडली, तिचं टोक आतच राहिलं. ते काढायला पुन्हा तापवावं लागलं आणि त्यात सीटची नळी खरोखरच अर्धा मिलिमीटर सरकली. मिस्त्रींनी ज्योत बाजूला केली, काही बोलले नाहीत, तंबाखू मळली. साच्यामुळे अर्ध्यावर निभावलं. गाळ्याचं शटर पूर्ण उघडं ठेवलं होतं, कारण पितळेतल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो. आमच्या वेळी त्यावर गूळ खायला सांगायचे. मी मुलाला मास्क लावून दूर उभं केलं.

थंड झाल्यावर दोरा लावला तर फरक साडेतीन मिलिमीटर. सांधा आकसताना मागचा भाग डावीकडे ओढला गेला होता. एक लाकडी वासा मधून घालून थंडच थोडं थोडं वाकवलं, मोजलं, वाकवलं. तासाभराने फरक एक मिलिमीटरवर आला. साध्या लोखंडाच्या नळीला हे चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं कधी करू नये, ती तडकते.

रंगाचा विषय आता आला, आणि तो याआधी यायलाच नको होता.

भावाला मी फोन केला. पावडर कोटिंगला माझा विरोध नाही. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ते भाजतात, पितळेच्या सांध्याला त्याने काही होत नाही, आणि ब्रशच्या रंगापेक्षा ते कितीतरी टणक असतं. इतिहास नसलेली फ्रेम मी डोळे मिटून तिकडेच पाठवतो, आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला बजावून. पण इथे त्यासाठी दहाचे दहा हिरवे थर वाळूने उडवावे लागले असते. भाऊ म्हणाले, "सर, पण हिरवा काय मूळ रंग नाहीये." मी म्हटलं, काळा रंग कारखान्याने एकदा दिला. हिरवा तुमच्या बाबांनी दरवर्षी दिला. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ती सोनेरी रेघ तरी ठेवा." ती रुपयाएवढी घासलेली जागा आम्ही तशीच ठेवली आणि वर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले. हिरव्यात काळा गोल, त्यात रेघ.

बाकी काम साधं. सगळी फ्रेम साबणाच्या पाण्याने धुतली. नव्या जोडाच्या भागावर प्रायमर दिला. हिरव्याची छटा जुळेना. मोबाइलमधला हिरवा कधीच खरा नसतो. मे महिन्यात मुलगा मालवणला गेला तेव्हा खिडकीच्या गजावरचा एक टवका कागदात बांधून घेऊन आला, आणि हार्डवेअरच्या दुकानात तो डब्याच्या झाकणांशेजारी धरून छटा मिळाली. मागच्या भागाला ब्रशनेच दोन हात मारले, मुलाने. एक केस त्याचाही अडकला. नवा चिमटा काळाच ठेवला. तो नवा आहे हे दिसायला हवं, पुढे कुणीतरी तपासताना उपयोगी पडतं.

आतून मात्र रंग पोचत नाही. तिथे बेलतेल ओतलं, पेंटर वापरतात ते उकळलेलं जवसाचं तेल. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून ते प्रत्येक नळीत पसरवलं आणि दोन दिवस उलटी टांगून जादाचं गळू दिलं. वाळलं की आत पातळ साय धरते. पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग टाकाव्यात. सीटच्या दांड्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला रबरी कॉलर बसवला, पाणी खाचेतून उतरू नये म्हणून.

एकूण खर्च ८,४०० रुपये आला. त्यात चिमटा, रिमा, तारा, टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, सीट, मिस्त्रींची मजुरी, भंगार आणि रंग धरला आहे. माझा वेळ धरलेला नाही. नवी सायकल खरंच नऊशे रुपयांनी स्वस्त पडली असती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा कॉलेजला जायला लागला. नोव्हेंबरच्या शेवटी, पाऊस संपल्यावर, मी सायकल तपासायला मागवली. दोऱ्याचा फरक एक मिलिमीटर, तेवढाच. चेनस्टेच्या सांध्यांना डिझेल आणि खडू लावून पाहिलं, रेघ नाही. चिमटा स्वच्छ. तळाच्या भोकातून तांबूस पाण्याचा ओघळ सुकलेला दिसला, म्हणजे पाणी शिरलं होतं आणि निघूनही गेलं होतं. उजव्या चेनस्टेच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश नीट पोचला नव्हता, तिथे हरभऱ्याएवढे दोन फोड आले होते. मी खरवडून प्रायमर लावून दिला आणि मुलाला म्हटलं, वरून रंगाचा हात दे.

"आत्ता नको सर," म्हणाला. "मेमध्ये सगळ्यालाच देणार आहे. डबा आईने बाल्कनीत ठेवलाय."